पार्सलच्या गावातला वाघोबा

ऑनलाइन शॉपिंग करणाऱ्या प्रत्येकाला भिवंडी माहीत असते. पाहिलेली मात्र कोणीच नसते! गोडाऊन आणि यंत्रमागांच्या या तालुक्याच्या मागच्या दाराने जंगलात शिरलो, की एक वेगळीच भिवंडी भेटते. आणि एक वेगळाच हिशेबसुद्धा.

"वसुबारसेला सुट्टी टाकतेय," असं ऑफिसात सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "कुठे, अलिबाग?"

मी म्हटलं, "भिवंडी."

दोन सेकंद शांतता. मग शेजारच्या क्युबिकलमधून आवाज आला, "माझं पार्सल तीन दिवस तिथंच अडकलंय गं, येताना घेऊन ये!"

हसा, हसा. मीही हसले असते. मोबाइलचं कव्हर असो नाहीतर बहिणीच्या लग्नासाठी मागवलेली सॅण्डल, ट्रॅकिंगमध्ये एकदा तरी 'भिवंडी' झळकल्याशिवाय आपल्याकडे काही पोचतच नाही. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या अगदी उंबऱ्याशी, म्हणून इथे गोडाऊन उभी राहिली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि जकात गेली. गोडाऊन मात्र वाढतच राहिली. आता तर ती मैलोन्‌मैल आहेत. आपल्या एका क्लिकचं दुसरं टोक इथे असतं.

पण मी निघाले होते ती या टोकाच्याही पुढे. तालुका तोच, जिल्हा तोच, पण तिथे कुरिअरवाला पोचत नाही. त्या दिवशी तिथे वाघबारस होती.

कशेळीपासून गुमताऱ्यापर्यंत

ठाण्याहून बाळकुम ओलांडलं की कशेळीचा पूल लागतो. खाडीवर मुंबईला पाणी नेणाऱ्या अजस्र पाइपलाइन दिसतात. तानसाचं पाणी १८९२पासून मुंबईकर पितायत. ते याच मुलखातून येतं, हे सकाळी गीझर लावताना कुणाच्या डोक्यात असतं? खाली चिखलात तिवरं, वर मेट्रोचे खांब आणि मध्ये कंटेनरची रांग. काल्हेर, अंजूरफाटा, मग भिवंडी शहर. गल्लीत शिरून गाडीची काच खाली केली की यंत्रमागांचा आवाज थेट छातीत वाजतो. खटाखट, खटाखट. इथे गप्पासुद्धा त्या आवाजाच्या वरच्या पट्टीत होतात. कामगार उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले. मालक-कारागीर घराण्यांपैकी बरीच पिढ्यान्‌पिढ्या विणकामातली. शहर दिसायला देखणं नाही, पण आळशी तर अजिबात नाही!

नदीनाक्यावर कामवारी नदी ओलांडायची. ओलांडताना नाक दाबायची इच्छा होते, ते चालायचंच. वाडा रोडला लागलो की शेलार, कवाड, महापोली करत करत हळूहळू गोडाऊन विरळ होतात आणि डावीकडे डोंगर वर येऊ लागतो. ट्रेकर मंडळींनी ओळखलंच असेल, हा गुमतारा. दुगाडचा किल्ला. पावसाळ्यात इथे वाट चुकली नाही असा ट्रेकर विरळा.

या डोंगररांगेचं नाव तुंगारेश्वर. २००३मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र ८५.७० चौरस किलोमीटर आणि वसई, वाडा, भिवंडी अशा तीन तालुक्यांत पसरलेलं. हो, भिवंडी! दक्षिणेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पूर्वेला तानसाचं जंगल आणि मध्ये हा पूल. पूल म्हणायचं कारण, यावरून खरोखर रहदारी चालते.

आजोबा आठवतोय? उर्मिला मातोंडकरचा २०१४चा सिनेमा पाहिला असेल तर नक्की आठवेल. २००९मध्ये विद्या अत्रेय आणि वनखात्याच्या लोकांनी या बिबट्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. पठ्ठ्या तिथे थांबलाच नाही. महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालला. कसाऱ्याकडची रेल्वे ओलांडली, मुंबई-आग्रा हायवे ओलांडला, वसईचा औद्योगिक पट्टा पार केला आणि पोचला थेट राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात. आपण टोलनाक्यावर वैतागतो तेवढ्या वेळात तो माणसांच्या गर्दीतून गुपचूप निघून गेला, कुणाला इजा न करता. डिसेंबर २०११मध्ये मुंबई-अहमदाबाद हायवेवर एका वाहनाच्या धडकेत तो मेला. शेपटीतल्या मायक्रोचिपवरून त्याची ओळख पटली.

आजोबाने नकाशावर रेघ काढून दाखवली. माळशेज ते बोरिवली हा एकच मुलूख आहे, आपण त्याचे तुकडे केलेत. आणि तुकडे अजून पडतायत. एका बाजूने गोडाऊन सरकतायत, दुसरीकडून एक्स्प्रेस वे, तिसरीकडून बुलेट ट्रेन. मधल्या पाड्यांवरच्या जमिनी विकल्या जातायत. एकेक प्लॉट छोटाच असतो हो, पण बिबट्याला वाट लागते ती सलग.

वाघोबाचा पाडा

पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. पुढच्या रविवारी तिथे स्पीकर लावलेल्या वीस गाड्या उभ्या राहायला नकोत, म्हणून.

गाडी रस्त्याच्या कडेला ठेवली आणि पंधरा मिनिटं चाललो. भात कापणीला आलेलं. बांधावर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे. मग ऐन, साग, बेहडा, एक जुनं मोहाचं झाड आणि त्याखाली वाघोबा. शेंदूर फासलेला लाकडी पाट, त्यावर कोरलेला वाघ, बाजूला चंद्र-सूर्य. देऊळ नाही, कळस नाही, दानपेटी तर नाहीच.

ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगरातल्या वारल्यांच्या या वाघोबावर काही वर्षांपूर्वी अभ्यास झाला. रम्या नायर आणि सहकाऱ्यांनी दीडशेच्या आसपास ठाणी नोंदवली आणि २०२१मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. वाघोबा म्हणजे वाघही आणि बिबट्याही. त्याला वर्षातून एकदा मान द्यायचा, आपल्या गुराढोरांना सांभाळ म्हणायचं. आपण वसुबारसेला गाय-वासरू पुजतो, त्याच दिवसांत हे लोक वाघ पुजतात. एकाच सणाच्या या दोन बाजू. गाय पुजणारा शहाणाच, पण गाय खाणाऱ्याचीही पूजा करणारा जरा जास्तच शहाणा म्हणायचा!

याचा अर्थ पाड्यावर सगळं आलबेल असतं असं अजिबात नाही. ज्या मावशींच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो, त्यांच्या दोन शेळ्या तीन वर्षांपूर्वी एकाच रात्री गेल्या. कुडाची भिंत, वर पेंढा. बिबट्याला काय, पंजा मारला की झालं. सरकारी भरपाई असते, पण त्यासाठी लगेच कळवायचं, पंचनामा करायचा, कागद फिरवायचे. बुडालेली मजुरी कोण भरून देणार? मावशींनी वाघोबाला नारळ दिला, पण शेळ्या काही परत आल्या नाहीत.

"देव तो देव," मावशी म्हणाल्या, "पन पोट त्याला बी हाय आनि आमाला बी."

यापेक्षा नेमका प्रॉब्लेम स्टेटमेण्ट मी एकाही पॉवरपॉइण्टमध्ये पाहिलेला नाही.

आमचं एक्सेल शीट

आता कबुली. आम्ही तिथे नुसते पाहुणे म्हणून गेलो नव्हतो. गुमताऱ्याच्या एका ट्रेकमध्ये पाणी संपलं, मावशींकडे मागितलं, तिथून ओळख झाली. आम्ही चौघं, सगळे आयटी-बँकवाले. शेळ्यांची गोष्ट ऐकली आणि डोक्यात बल्ब पेटला. वन्यजीव संरक्षणासाठी छोटी अनुदानं मिळतात की! आपण अर्ज करू!

दोन शनिवार कॅफेत बसून प्रोजेक्ट तयार केला. बजेट १ लाख ८५ हजार. दोन कॅमेरा ट्रॅप, एक जीपीएस, एक सेकंडहॅण्ड लॅपटॉप, प्रवासखर्च, 'जनजागृती'साठी टी-शर्ट, शेवटचा फोटोबुकचा खर्च. उरलेल्यात गोठ्यांना जाळी आणि वाघोबाच्या माळाभोवती लावायला रोपं. शीट एकदम चकाचक, सेलला रंगबिंग. मोठ्या उत्साहाने ते मावशींना आणि पाड्यावरच्या मंडळींना वाचून दाखवलं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाय, यातलं पैसं पाड्यात किती येनार?"

मी शीटमध्ये बघितलं. एकोणतीस हजार.

"आनि जाली कोन बांदनार? रोपांना पानी कोन घालनार, उन्हाल्यात?"

त्याचा कॉलमच नव्हता! आम्ही गृहीत धरलं होतं की ते काय, गावकरी करतीलच. आमच्या पेट्रोलचा खर्च होता, त्यांच्या मजुरीचा नव्हता. चौघांचेही कान लाल झाले. त्या दिवशी पाड्यावर बसून बजेट पुन्हा लिहिलं. लॅपटॉप गेला, टी-शर्ट गेले, फोटोबुक गेलं. कॅमेरा ट्रॅप एक राहिला, तोही पाड्यावरच्या एका मुलाने हट्ट धरला म्हणून.

मग अर्ज पाठवले. एका संस्थेकडून गोड उत्तर आलं, प्रकल्प छान आहे, पण आमची किमान रक्कम दहा लाख आहे, वाढवता येईल का? दहा लाखांचं या पाड्यात करायचं काय? दुसरीकडून आलं, तुमच्या गटाची नोंदणी आणि तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब जोडा. तिसरीकडून काहीच आलं नाही. म्हणजे एकाच्या लेखी आम्ही फार छोटे, दुसऱ्याच्या लेखी अस्तित्वातच नसलेले.

छोट्या पैशाची मोठी गोष्ट

पण या भानगडीत एक फायदा झाला. छोट्या अनुदानांचं हे जग आहे तरी काय, याचा मी जाम अभ्यास केला. आणि ते खरंच इण्टरेस्टिंग आहे.

यातला सर्वांत मोठा खटाटोप १९९२चा. त्या वर्षी रिओला वसुंधरा परिषद झाली आणि त्याच वर्षी जागतिक पर्यावरण निधीचा 'स्मॉल ग्रॅण्ट्स प्रोग्रॅम' सुरू झाला. राबवतो युएनडीपी, पसारा शंभराहून जास्त देशांत. नियम साधा. पैसे सरकारी खात्याला न देता थेट स्थानिक संस्थेला, गावगटाला द्यायचे आणि बरीच वर्षं एका प्रकल्पाला साधारण ५० हजार डॉलरच्या आत. आपल्याला ही रक्कम मोठी वाटते, पण आंतरराष्ट्रीय निधीच्या भाषेत ती चिल्लर. ब्रिटनचं रफर्ड फाउण्डेशन तर याहून खाली उतरतं. नुकतंच काम सुरू केलेल्या संशोधकाला पहिल्यांदा काही हजार पौंड. काम दाखवलं की दुसरी ग्रॅण्ट, मग पुढची, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. आपल्या पश्चिम घाटात २००८ ते २०१५ या काळात सीईपीएफ नावाच्या निधीने मोठ्यांबरोबर छोटी अनुदानंही वाटली. त्याची इथली व्यवस्था बंगळुरूच्या 'अत्री' या संस्थेकडे होती.

आपल्या राज्याचंही बरं चाललंय. २०१७मध्ये कांदळवनाच्या गावांसाठी योजना आली. खाडीकाठच्या लोकांनी गट करून खेकडे पाळावेत, पिंजऱ्यात मासे वाढवावेत, पर्यटन करावं आणि तिवरं राखावीत. गटाला ९० टक्के सरकारचे, १० टक्के स्वतःचे. एकट्याला ७५ आणि २५. तो स्वतःचा हिस्सा मला फार आवडला. फुकटच्या खेकड्याची काळजी कोण घेतंय? २०१८मध्ये आणखी एक झकास कल्पना आली. जाळ्यात कासव किंवा बहिरी मासा अडकला आणि कोळ्याने जाळं कापून त्याला सोडलं, तर फाटक्या जाळ्याची भरपाई २५ हजार रुपयांपर्यंत. फोटो काढायचा, पाठवायचा. कोळ्याला कासवाची माया नसते असं थोडंच आहे? पण जाळं कापायला काळीज लागतं आणि दुसऱ्या दिवशी नवं जाळंही लागतं.

वेळासला तर तुमच्यापैकी अर्धे जण जाऊन आले असाल. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि मंडळींनी २००२मध्ये तिथे कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं. पहिला प्रश्न होता, रात्री किनाऱ्यावर फिरून घरटी शोधणार कोण? गावातलीच माणसं. ती अंडी जाळीच्या कुंपणात पुरायची, पन्नास-साठ दिवस राखायची आणि पिल्लं समुद्रात सोडायची. यात महागडं यंत्र कोणतं? कुठलंच नाही. खर्च राखण करणाऱ्याच्या मानधनाचा. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, घराघरात पाहुणे राहू लागले, आंबोळ्या-मोदकांचा धंदा चालू लागला आणि कासवाचं गावाला कौतुक वाटू लागलं. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीवर स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७पासून होडी वल्हवत पर्यटकांना तिवरांची सफर घडवतात. सिंधुदुर्गातल्या युएनडीपीच्या प्रकल्पाने हात दिला, वल्ही मात्र त्यांच्या हातात.

आणि माझी सगळ्यात लाडकी गोष्ट बेहड्याची. वाघोबाच्या माळावर आहे ना, तोच बेहडा. याच्या जुन्या खोडातल्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो. लाकडासाठी बेहडा तोडला की धनेशाचं घर गेलं. पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांच्या पुढाकाराने सरळ बाजारच बदलला. बेहड्याचं फळ त्रिफळ्यात लागतं. ते नीट गोळा केलं, झाडाला इजा न करता, थोडं पशुपक्ष्यांसाठी ठेवून, तर फेअरवाइल्ड नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं आणि पुक्का हर्ब्जसारखी ब्रिटिश कंपनी जास्त भाव देते. भीमाशंकर परिसरातल्या महादेव कोळी कुटुंबांनी हे करून दाखवलं. उभं झाड दर वर्षी पैसे देतं, तोडलेलं एकदाच. हे गणित शिकवायला कार्यशाळा लागत नाही, पहिला चेक लागतो.

या सगळ्या गोष्टींत मला एक समान धागा दिसला. पैसा थोडा होता आणि तो जनावराच्या शेजारी राहणाऱ्या माणसाच्या हातात गेला. आमच्या पहिल्या शीटमध्ये तो बिबट्याच्या फोटोसाठी गेला असता.

मग अडतंय कुठे?

अडतं ते पोचण्यात. पार्सल भिवंडीत अडकतं तसं!

परदेशी अनुदान घ्यायचं तर एफसीआरए नोंदणी हवी. पूर्वी मोठी नोंदणीकृत संस्था असा निधी घेऊन त्यातला वाटा तिच्यासारख्याच छोट्या संस्थांना देऊ शकायची. २०२०च्या दुरुस्तीने ते बंद झालं. शिवाय हा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. गैरव्यवहार रोखायला नियम हवेत, मान्य. पण वाघोबाच्या पाड्यासाठीची जाळी व्हाया संसद मार्ग यावी, हे जरा लांबचं वळण नाही का?

दुसरं म्हणजे मुदत. बहुतेक छोटी अनुदानं वर्ष-दीड वर्षाची. पावसाळ्यात रोप लावलं, फोटो काढला, रिपोर्ट गेला आणि पुढच्या मे महिन्यात, रोपाला खरी तहान लागते तेव्हा, प्रकल्प 'यशस्वीरीत्या पूर्ण'! झाडाचं आणि आर्थिक वर्षाचं कॅलेंडर जुळत नाही, हे कुणीतरी फायनान्सवाल्यांना सांगायला हवं.

घरातलेच दोन मार्ग मात्र आहेत. एक आहे बीएमसी. मुंबई महापालिका नव्हे हो! जैविक विविधता कायदा २००२चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. पूर्वीच्या नियमांत अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य, त्यांत किमान एक तृतीयांश महिला असायच्या. गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची, औषधी माहितीची नोंदवही त्यांनी ठेवायची आणि समितीचा स्वतःचा स्थानिक निधीही असू शकतो. महाराष्ट्राचं जैवविविधता मंडळ २०१२मध्ये नागपूरला स्थापन झालं. २०१९मध्ये हरित लवादाने मुदत घातली, ३१ जानेवारी २०२०पर्यंत समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर महिन्याला दहा लाख रुपये भरा. मग काय, धडाधड समित्या झाल्या. कागदावर आहेत त्या जाग्या करणं, एवढंच बाकी. समितीला रजिस्ट्रेशन लागत नाही, ती कायद्यानेच जन्मलेली असते. आमच्या अर्जात खाली सही करायला जे 'अस्तित्व' नव्हतं, ते पंचायतीच्या कपाटात होतं!

दुसरा मार्ग तुमच्या ऑफिसातून जातो. २०१३चा कंपनी कायदा म्हणतो, ठरावीक मर्यादेवरच्या नफ्याच्या-उलाढालीच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्चावेत. वनस्पती आणि प्राण्यांचं रक्षण त्या यादीत आहे. आता विचार करा, भिवंडीतल्या गोडाऊनमध्ये किती कंपन्यांचा माल आहे. त्यांच्या दोन टक्क्यांतला कणभर जरी डोंगराच्या बाजूला वळला, तर?

नारळाचे वीस रुपये

आमचं पुढे काय झालं ते सांगते. अर्ज नाकारले गेल्यावर एक महिना आम्ही चौघांनी एकमेकांना फोनसुद्धा केला नाही. लाज वाटत होती. मग दिवाळीत ऑफिसात गिफ्टचा विषय निघाला. कुणाला तरी ड्रायफ्रूट, कुणाला मेणबत्त्या. मी हिंमत करून मावशींची गोष्ट सांगितली. टोपी फिरली. ४२ हजार जमले. आम्ही त्याला मजेत 'जगातलं सगळ्यात छोटं अनुदान' म्हणायचो.

पैसे पाड्यावर दिले. आम्ही ठरवलं होतं, आपण फक्त आठवड्याला एक फोन करायचा. त्यांनी भिवंडीच्या बाजारातून जाळी आणली, आमच्या अंदाजापेक्षा स्वस्तात. सहा गोठे बांधले. पाड्यावरच्या दोन बायकांनी जंगलातून बेहडा, शिवण, करंज, ऐनाचं बी गोळा केलं आणि तीनशे पिशव्या भरल्या. उन्हाळ्यात पाणी घातल्याची मजुरी दोघींना मिळाली, आमच्या पहिल्या शीटमध्ये नसलेल्या त्याच कॉलममधून. पावसाळ्यात माळाच्या कडेने रोपं लावली. सगळी जगली असं म्हणणार नाही. शंभराच्या आसपास गेली. काही गुरांनी खाल्ली, काही आम्हीच चुकीच्या जागी लावायला सांगितली म्हणून. एकेक रोप दाखवत मावशींनी हे न लाजता सांगितलं.

बिबट्या येतो का? येतो. कॅमेरा ट्रॅपचे पैसे नव्हते, त्यामुळे फोटो नाही. पण गेल्या पावसात सकाळी गोठ्याबाहेर पंजे उमटलेले होते आणि जाळीच्या आत सगळ्या शेळ्या होत्या. एवढ्याने कॉरिडॉर वाचला का? नाही. समोरच्या टेकडीवर गेल्या वर्षी नव्हती ती मातीची लाल जखम आता दिसतेय, सपाटीकरणाची. तिथे काय होणार, पाड्यावर कुणी बोलत नाही. पण माळ विकायचा का, असा विषय निघाला तेव्हा मावशींनी सभेत सांगितलं म्हणे, "तिथं आमची झाडं हाईत." वाघोबाची झाडं म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं कदाचित.

संध्याकाळी पूजा झाली. उकडलेले करांदे खाल्ले, मिठाबरोबर. निघताना मावशींनी आतून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. मला वाटलं, वाटेसाठी शिदोरी. बघते तर पावत्या! जाळी, तार, पिशव्या, टेम्पोभाडं. सगळ्या सपाट करून, रबर बॅण्ड लावून. प्रत्येक रुपयाचा हिशेब, ४२ हजारांतले उरलेले ३१० रुपये चिंध्यांच्या पुरचुंडीत वेगळे.

सगळ्यात वर एक कागदाचा तुकडा होता. त्यावर पाड्यावरच्या मुलाच्या अक्षरात लिहिलेलं, नारळ, २० रुपये.

"हा बी लिव, बाय," मावशी म्हणाल्या. "जाली बांदायच्या आदी त्याला इचारलं व्हतं."

घरी आल्यावर एक्सेल उघडलं. तो खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा, बराच वेळ सुचेना. मग एक नवी ओळ टाकली आणि लिहिलं, परवानगी.

जायचंय?

कसं जाल: रेल्वेने दिवा-वसई मार्गावरचं भिवंडी रोड स्टेशन, पण गाड्या मोजक्याच, वेळ आधी बघा. ठाण्याहून भिवंडीला बस आणि शेअर रिक्षा भरपूर. पुढे वाडा रोडने अंबाडी आणि तिथून वज्रेश्वरी.

काय पाहाल: वसईच्या १७३९च्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी नवस फेडायला बांधलेलं वज्रेश्वरीचं देऊळ, तानसा नदीकाठची अकलोली-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आणि दुगाडहून गुमतारा. किल्ल्यावर जाताना स्थानिक वाटाड्या घ्याच. वाट चुकत नाही आणि पैसे योग्य खिशात जातात.

काय टाळाल: अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरणं, स्पीकर, बाटल्या, आणि वाघोबाच्या पाटासमोर सेल्फी.

काय कराल: सोमवारी ऑफिसला गेलात की सीएसआर टीमला एकच प्रश्न विचारा, आपण देतो तो सगळ्यात छोटा चेक किती रुपयांचा असतो?